जहाजाला निदान समुद्र तरी आहे

मंडळी, आधी निकाल सांगतो, खटला नंतर चालवू. पुणे-नाशिक रस्त्यावर राजगुरुनगर सोडल्यापासून आळेफाट्यापर्यंत प्रवासी माणसाला धड कॉफी मिळत नाही. मंचरला मिळत नाही, नारायणगावला मिळत नाही, आत वळून घोडेगाव किंवा जुन्नरला गेलात तरी मिळत नाही. गेली कित्येक वर्षं दर दोन-तीन आठवड्यांनी शनिवारी मी या रस्त्याने गावी जातो आणि रविवारी रात्री परत हिंजवडीच्या दिशेने तोंड करतो. म्हणजे सँपल साइज कमी आहे असं कोणी म्हणू नये.

"चहा प्या की मग!" असं म्हणणारे इथेच थांबले तरी चालेल. चहा मीही पितो. पण कॉफी मागितल्यावर चहा प्या म्हणणं म्हणजे बग रिपोर्ट केल्यावर "दुसरं बटण दाबा" म्हणण्यासारखं आहे. बोर्डावर कॉफी लिहिली आहे ना? पैसे चहाच्या दुप्पट घेता ना? मग मी मागितलेली वस्तू द्या.

आणि "चांगली कॉफी" म्हणजे काय तेही सांगून टाकतो, नाहीतर लगेच कोणीतरी मला कोरेगाव पार्कात नेऊन बसवेल. चिकमगळूरच्या अमक्या मळ्यातली, तमक्या उंचीवरची, चाखताना संत्र्याची साल आणि गुळाचा भास देणारी कॉफी मला नको आहे. तीनशे रुपये देऊन भास कशाला विकत घ्यायचे? माझी मागणी एवढीच: बियांपासून दळलेली पूड, तीही या महिन्यातली. तिच्यातून गरम पाण्याने उतरवलेला अर्क. वेगळं तापवलेलं दूध. साखर मी सांगेन तेवढी. बास. यात चिकोरी असली तरी माझी तक्रार नाही. दाक्षिणात्य मंडळी पिढ्यानपिढ्या चिकोरीवाली कॉफी पितात आणि ती आपल्यापेक्षा जास्त शहाणी आहेत, निदान या एका विषयात तरी.

हा विषय माझ्या डोक्यात पक्का बसला तो मात्र या रस्त्यावर नाही, समुद्रात. आमच्या घरच्यांनी सिंगापूरहून निघणाऱ्या एका जहाजाची तीन रात्रींची सहल केली. पुण्यातून मोठा ग्रूप होता. ग्रूपबरोबर महाराज होते, त्यामुळे मलाक्काच्या सामुद्रधुनीत थालीपीठ मिळालं, साबुदाण्याची खिचडी मिळाली, एका आजोबांना मेतकूट-भातसुद्धा मिळाला. (जहाजाचं नाव विचारू नका, सांगणार नाही. सहल बाकी झकास झाली.) कॉफी मात्र भयंकर. बुफेच्या कोपऱ्यात एक मोठा स्टीलचा पिंप, त्याला नळ, नळातून तपकिरी पाणी. वास कॉफीचा, चव ओल्या पुठ्ठ्याची. आणि त्याच मजल्यावर पन्नास पावलांवर एक सुंदर काउंटर, तिथे खरं मशीन, खऱ्या बिया आणि खरा दर, डॉलरमध्ये. फुकटची वाईट का आहे हे त्या काउंटरचा दर वाचल्यावर कळलं. फुकटची चांगली असती तर काउंटरवर कोण गेलं असतं?

आता मी जहाजाची बाजू घेतो, कारण न्याय सगळ्यांना सारखा हवा. जहाजाला खरोखरच्या अडचणी आहेत. एक तर पाणी. बरीचशी मोठी जहाजं समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून आपलं पाणी आपणच तयार करतात. अशा पाण्यात क्षार अगदी कमी उरतात, मग काही परत मिसळावे लागतात. कॉफीतला अर्क नीट उतरायला पाण्यात थोडे क्षार लागतात, नुसत्या कोऱ्या पाण्याची कॉफी बेचव होते. दुसरं दूध. भर समुद्रात गोठा नाही, तेव्हा दूध येतं ते डब्यातलं, महिनोन्महिने टिकणारं, आधीच भरपूर तापवलेलं. तिसरी गोष्ट गर्दी. सकाळी आठ वाजता दोन-तीन हजार माणसं एकदम "कॉफी, कॉफी" करत येतात. एवढ्यांना एकेक कप करून देणं कोणाच्या बापाला जमणार नाही. म्हणून आधीच केलेला दाट अर्क आणि त्यात गरम पाणी, किंवा तासभर तापत राहिलेला पिंप. वाईट आहे, पण समजू शकतो. जहाजाला निदान समुद्र तरी आहे.

आता नारायणगावला काय कारण आहे ते सांगा.

पाणी? कुकडी प्रकल्पाची पाच धरणं या दोन तालुक्यांत आहेत: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. डिंभ्याच्या पाण्याखाली तर मूळ आंबेगाव गेलं. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते गावच पाण्यात आहे, एवढं पाणी! दूध? अहो, हा दुधाचाच मुलुख. पहाटे कोणत्याही फाट्यावर उभे राहा, किटल्या लटकवलेल्या मोटरसायकली मोजता मोजता थकाल. मंचरजवळ 1992 पासून दुधाचा एवढा मोठा कारखाना उभा आहे की तिथलं तूप नि चीज देशभर जातं. गर्दी? अकराच्या सुमाराला धाब्यावर आम्ही चार टाळकी नि एक कुत्रं. तीन हजार माणसं कुठून आणणार?

म्हणजे जहाजाची एकही अडचण इथे लागू नाही, आणि तरीही कप हातात आला की तोच ओला पुठ्ठा. इथे फक्त तो गोड असतो.

ही कॉफी कशी बनते ते मी काउंटरला टेकून अनेकदा पाहिलं आहे. चहाचं जे दूध उकळत असतं, त्यात आधीच साखर असते. ते दूध ओगराळ्याने एका पातेलीत घ्यायचं, इन्स्टंट कॉफीचं छोटं पाकीट दाताने फाडायचं, त्यातली अर्धी पूड टाकायची (उरलेलं अर्धं पाकीट दुमडून खिळ्याला किंवा बरणीखाली, पुढच्या गिऱ्हाइकासाठी, मधल्या काळात ते दमट होऊन दगड झालेलं असतं), एक उकळी, दोनदा उंचावरून ओतायचं, फेस आला की झाली कॉफी. गाळायचं विसरलं तर वर चहाची पत्ती तरंगते. एकदा मला आल्याची चवही लागली होती. आल्याची कॉफी! विचारलं तर मालक म्हणाला, "शेठ, पातेलं तेच हाय ना." एवढा प्रामाणिक खुलासा मला आजवर कुठल्याही व्हेंडरने दिलेला नाही.

आता मुद्द्याचं बोलतो. हे असं का होतं? लोक म्हणतात, गावाकडे कॉफीची चव कळत नाही. साफ खोटं. खरं कारण जहाजावरचंच आहे: गिऱ्हाईक पळून जाऊ शकत नाही. लांब पल्ल्याची गाडी कुठे थांबायची हे प्रवासी ठरवत नाही. ज्या हॉटेलात गाडी थांबते तिथे चालवणाऱ्याचं जेवण वेगळ्या टेबलावर, बरं आणि बिनपैशाचं असतं, हे रस्त्यावरचं उघड गुपित आहे. वीस मिनिटं थांबा, तेवढ्यात एकच मुतारी नि एकच काउंटर. तिथे मिळेल ते प्यायचं. हे हॉटेल आवडलं नाही म्हणून पुढच्या वेळी तुम्ही दुसऱ्या हॉटेलात जाणार का? नाही, तुम्ही गाडी नेईल तिथे जाणार. आमच्या धंद्यात याला लॉक-इन म्हणतात. युजर अडकलेला असला की प्रॉडक्ट सुधारायचं कारणच उरत नाही. आयटीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. आपल्या ऑफिसच्या पँट्रीतलं मशीन आठवा. बटण दाबलं की आधी दुधाची पावडर, मग साखर, मग घर्रर्र आणि एक तपकिरी थुंकी. अडीच हजार इंजिनिअर ते रोज पितात नि एकही जण एस्कलेट करत नाही. जहाज, हायवेचा थांबा, आणि आपला पाचवा मजला. तिन्ही ठिकाणी पिणारा वेगळा आणि निवडणारा वेगळा, म्हणून तिन्ही ठिकाणी कॉफी सारखीच वाईट.

"पण इथे कॉफी पितंच कोण? हा चहाचा मुलुख." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा राग नाही, कंटाळा येतो. चहा कधीपासून आपला झाला हो? आपल्या पणज्यांना विचारता आलं असतं तर कळलं असतं. गेल्या शतकात चहावाल्यांच्या मंडळांनी गावोगाव फुकट चहा पाजून, पाट्या लावून ही सवय लावली. पुण्याचं अमृततुल्य म्हणाल तर ते सुरू केलं राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी. आज त्याच नावाच्या साखळ्या प्रत्येक फाट्यावर आहेत आणि आपण छाती फुगवून "आमचा अमृततुल्य" म्हणतो. म्हणा, माझी ना नाही. पण मग कॉफीलाच परकी का म्हणता?

आणि परक्या वस्तूंचंच म्हणाल तर या भागाचा सगळा डोलारा परक्या वस्तूंवर उभा आहे. टोमॅटो दक्षिण अमेरिकेतला. 2023 च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात त्याचं वीस किलोचं कॅरेट दोन हजारांच्या पुढे गेलं, शेतकरी एका हंगामात कोट्यधीश झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा कोणी म्हणालं नाही की हे पीक आपलं नव्हे. सातगाव पठारावरचा बटाटाही तिथलाच, पेरू देशाच्या डोंगरातला. तो चिप्सवाल्यांच्या परीक्षेला उतरतो. त्यातलं पाणी किती, साखर किती, तळल्यावर रंग कसा, हे आपला शेतकरी तोंडपाठ सांगतो. एवढी बारीक गुणवत्ता ज्याला कळते त्याला कॉफीची पूड ताजी की शिळी हे कळणार नाही?

अजून पुढे ऐका. 1980 च्या दशकात याच नारायणगावजवळ श्यामराव चौगुल्यांनी फ्रेंच तंत्रज्ञांना आणून फसफसणारी वाइन केली. शँपेन ज्या रीतीने करतात त्याच रीतीने, आणि नाव ठेवलं 'ओमर खय्याम'. ती युरोपात विकली गेली. पुढे कंपनी कर्जात बुडाली तो वेगळा अध्याय, पण माल नारायणगावचा होता आणि तो पिणारे साहेब लोक होते. म्हणजे जिथे द्राक्ष आंबवून बाटलीत बुडबुडे कोंडायचं कसब होतं, तिथे गरम पाणी पुडीवर ओतायचं कसब नाही, असं तुमचं म्हणणं आहे काय?

पलीकडे खोडदला जीएमआरटी आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना, पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या, अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या रेडिओ लहरी पकडतात. शेजारच्या आर्वीला 1971 साली उपग्रह केंद्र सुरू झालं आणि भारताचे परदेशी फोन तिथून आकाशात जाऊ लागले. ही जागा निवडली कारण इथे शांतता आहे, रेडिओचा गोंगाट कमी. जगभरचे शास्त्रज्ञ रात्रपाळीला इथे येतात. रात्रपाळी करणाऱ्या माणसाला काय लागतं हे मी सांगायची गरज आहे? :-) विश्वाच्या टोकाचा सिग्नल येतो, कॉफी येत नाही.

बरं, मराठी माणसाला कॉफीचं वावडं आहे म्हणावं तर तेही नाही. आपल्या घरांत कॉफी होती, आणि आपल्या पद्धतीची होती. जायफळ आणि वेलदोडा घातलेली. उपासाला चालणारी. परीक्षेच्या रात्री आई करून द्यायची ती. (जागं राहण्यासाठी कॉफी आणि त्यात झोप आणणारं म्हणून प्रसिद्ध असलेलं जायफळ! एका कपात अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही. आपल्या लोकांची कमाल आहे.) हसायचं ते हसा, पण ती कॉफी चांगली होती, कारण करणारीला पिणारा माहीत होता. मग आली लग्नातली "एक्स्प्रेसो". मांडवाच्या कोपऱ्यात स्टीलचा बॉयलर, त्याची वाफेची नळी, पोराने कपात इन्स्टंट पूड नि साखर घोटलेली, वर दूध, मग फुस्सस्स करून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा आवाज, आणि शेवटी चॉकलेट पावडरची चिमूट. खऱ्या एस्प्रेसोशी या गोष्टीचा संबंध फक्त वाफेपुरता. तिथे हवेच्या नऊपट दाबाने पाणी पुडीतून ढकलतात, इथे दूध फुगवतात. तरी सांगतो, जुन्नर तालुक्यातल्या कुठल्याही लग्नात जेवणानंतर सगळ्यात लांब रांग याच टेबलापुढे असते. आता बोला, कॉफी पितं कोण?

दुसरा आक्षेप पैशांचा. "परवडत नाही." चला, हिशोब करू, आपला तोच धंदा आहे. मी घरी आणतो ती दळलेली कॉफी मला किलोला आठशे रुपयांच्या आसपास पडते. एका कपाला दहा ग्रॅम धरा, झाले आठ रुपये. शंभर मिली दूध सहा रुपये. साखर, गॅस मिळून अजून दोन. सोळा रुपये. मोठा फिल्टर, म्हणजे एकावर एक दोन भांडी आणि वरच्याला तळाशी भोकं, एकदाच घ्यायचा, जन्मभर पुरतो. वीज नको, मशीन नको, इंजिनिअर तर मुळीच नको. सकाळी पूड घालून वर गरम पाणी ओतलं की अर्ध्या तासात अर्क खाली. गिऱ्हाईक आलं की अर्कात गरम दूध. चहापेक्षा कमी वेळ! तीस रुपयांना विका, मी आनंदाने देईन. आत्ता तुम्ही तो गोड पुठ्ठा पंचवीसला विकताच आहात.

आणि मुद्दाम सांगतो, आपला देश कॉफी बाहेरून आणून पीत नाही. कर्नाटकात डोंगरच्या डोंगर कॉफीचे आहेत, पिकतं त्यातलं बहुतेक परदेशी जातं, मोठा वाटा इटलीला. तिथे भाजून, डब्यात भरून, वर इटालियन नाव घालून ती जहाजावरच्या डॉलरवाल्या काउंटरवर पोचते. कोल्हापूर ओलांडलं की ज्या राज्यात आपण शिरतो तिथली वस्तू नारायणगावला येत नाही, मिलानला जाते.

आता जरा गंभीर बोलतो, कारण हा नुसता जिभेचा प्रश्न असता तर मी घरून थर्मास नेला असता आणि गप्प बसलो असतो.

या रस्त्यावर रात्री कोण असतं ते कधी पाहिलंय? टोमॅटोचे, कोथिंबिरीचे, फ्लॉवरचे पिकअप. संध्याकाळी माल भरायचा, रात्रभर गाडी हाणायची, पहाटेच्या आत वाशी मार्केट गाठायचं. कोणी आळेफाट्याहून माळशेज घाटाने उतरतो, कोणी चाकणच्या बाजूने. चालवणारा बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, दिवसभर शेतात तोडणीला उभा राहिलेला. त्याला रात्री दीड वाजता डोळे मिटायला लागले की तो थांबतो आणि म्हणतो, "एक कडक कॉफी द्या." त्याला काय मिळतं? साखरेचं दूध आणि अर्धं पाकीट. त्या पाकिटातही चिकोरी असते, किती ते पाकिटावर छापलेलं असतं, वाचा कधीतरी. आणि चिकोरीत कॅफीन शून्य. म्हणजे पोराने औषध म्हणून पैसे मोजले आणि पोटात गेलं गोड दूध, जे आजी झोपायच्या आधी देते. मग तो घाटात उतरतो. मला चव नको म्हणा, हौस म्हणा, श्रीमंती चोचले म्हणा. पण या पोराला "कडक" म्हणून जे दिलं जातं ती फसवणूक आहे. झोपेवर खरा उपाय झोपच, गाडी बाजूला घेऊन अर्धा तास पाठ टेकणं, हे मलाही माहीत आहे. पण बाजाराची वेळ गाठायची असते तेव्हा तो थांबत नाही. मग निदान जे मागतो ते तरी खरं द्या.

आणि दुसरी गोष्ट, गावातल्या हॉटेलवाल्यांची. गेल्या काही वर्षांत या रस्त्याला बाह्यवळणं झाली. खेडचा घाट सुटला, मंचर बाहेरून, नारायणगाव बाहेरून. माझे चाळीस मिनिटं वाचतात, खोटं कशाला बोलू. पण गावातून जाणारी गाडी गेली आणि तिच्याबरोबर गावातलं गिऱ्हाईकही गेलं. जुन्या स्टँडजवळचे हॉटेलवाले माशा मारत बसलेत. बाहेर, नव्या रस्त्यावर, दिव्यांच्या माळा लावलेले फूड मॉल आले. तिथे काचेमागे मोठं मशीन आहे, कपावर इंग्रजी नाव आहे, दर दोनशेच्या वर आहे. आणि तिथे काम करणारा पोरगा गावातलाच, तिथली कॉफी त्याला स्वतःला विकत घेणं परवडत नाही. डॉलरवाला काउंटर आणि फुकटचा पिंप, दोन्ही आता आपल्या रस्त्यावर. मधलं काही नाही.

गावातल्या हॉटेलवाल्याचं म्हणणं असतं, मॉलशी आम्ही काय टक्कर देणार? मी म्हणतो, इथेच द्या. मिसळ घ्यायला माणूस आत वळतो की नाही? चांगल्या मिसळीसाठी पुणेकर दहा किलोमीटर उलटा जातो, रांगेत उभा राहतो, वर फोटो काढतो. शासनाने 2018 साली जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. शिवनेरी आहे, लेण्याद्री आहे, ओझर आहे, नाणेघाट आहे. शनिवार-रविवार पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागलेली असते. पहाटे चार वाजता उठून किल्ला चढायला आलेल्या माणसाला सकाळी सात वाजता काय हवं असतं? नाणेघाटात सातवाहनांनी दोन हजार वर्षांपूर्वी वाटसरूंसाठी डोंगर फोडून पाण्याची टाकी खोदली, बसायला गुंफा कोरली, आणि जकातीचा म्हणतात तो दगडी रांजणही तिथेच ठेवला. पैसे घ्या, पण आधी सोय करा, असा तो सरळ हिशोब होता. पर्यटन तालुक्याच्या पाट्या लागल्या, सेल्फी पॉइंट झाले. सोयीचं म्हणाल तर जो वाटसरू वाहनातून उतरून कॉफी मागतो त्याला अजून चहाचं पातेलं.

नारायणगावात जुन्या रस्त्यावर माझ्या ओळखीचं एक हॉटेल आहे. मालकांना मी काका म्हणतो. वडिलांपासूनची ओळख आहे. तमाशाच्या हंगामात राहुट्या लागल्या की सुपाऱ्या ठरवायला आलेले गावकरी त्यांच्याकडे चहाला बसतात, तेवढे दिवस गल्ला बरा चालतो, एरवी बेताचाच. मागच्या महिन्यात त्यांच्यासमोर हाच सगळा हिशोब मांडला. सोळा रुपयांचा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, जो आमच्या कुठल्याही प्रॉडक्ट मॅनेजरला सुचला नसता: "रात्री उरलेल्या अर्काचं काय करायचं?"

खरा प्रश्न आहे. चहा उरला तर उद्या चालत नाही, तसं हेही चालत नाही. मी म्हटलं, आधी थोडाच करा, वीस कपांचा. उरला तर फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजच्या पोरांना थंड दूध-साखर घालून द्या, चाळीस रुपये लावा. ते हसले. "पोरं पितील," म्हणाले. मग म्हणाले, "पण मागितलीच न्हाय कुणी तर? बोर्डावर लिहिलं तरी लोक च्याच म्हणत्यात."

म्हणून आता तुमच्याकडे काम आहे. फिल्टर मी पुण्याहून नेऊन दिला आहे, पुडीचं पहिलं अर्धा किलोही. शनिवारी सकाळी शिवनेरीला जाणार असाल तर बाह्यवळणावरून सुसाट जाऊ नका, दहा मिनिटं जास्त घेऊन गावातल्या रस्त्याने जा. कुठल्याही हॉटेलात थांबा, माझ्याच काकांकडे असं नाही. कॉफी मागण्याआधी मोठ्याने, शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असं विचारा: "इन्स्टंट आहे का फिल्टर?" इन्स्टंट म्हणाले तर चहा घ्या. पण विचारा. आणि पुढच्या वेळी परत विचारा.